मुठीवरची पापणी

तुराट्या जळल्याचा वास आला की माझी दोन बोटं आपोआप चिमट्यासारखी जुळतात. आज संध्याकाळी तसंच झालं. धाराशिवच्या आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट आहे. तिथं कुणीतरी दगडांची चूल मांडून पाणी तापवत होतं, तुरीच्या वाळक्या काड्या तडतडत होत्या आणि पलीकडच्या मंगल कार्यालयात बँडवाले एकच सूर पुन्हा पुन्हा घोटत होते. होळीनंतर आमच्याकडं जी कोरडी ऊब येऊन बसते, ती पार मृगापर्यंत हलत नाही. त्याच उबेत लग्नं लागतात. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून पेढ्यांचा एक जुना डबा खाली काढला. आत दोन वाकड्या टोकांचे चिमटे, हातात मावेल एवढा आरसा, एक ब्रश आणि खोट्या पापण्यांचे ट्रे. डबा कितीदा धुतला तरी झाकण उघडल्यावर आधी वेलदोड्याचा वास येतो, मग डिंकाचा.

मैत्रिणींना लग्नसराई म्हटलं की मेंदी आठवते, पंगती आठवतात. मला मिटलेले डोळे आठवतात.

पूर्वी नाटकात लावायचे तशी पापण्यांची आख्खी पट्टी आता कुणी लावत नाही. बारीक बारीक झुबके मिळतात, प्रत्येकाची लांबी वेगळी. आपल्या पापणीला खालच्या बाजूनं डिंक फिरवायचा, तो जरा ओढल्यासारखा चिकट होऊ द्यायचा, मग एकेक झुबका चिमट्यात धरून खालून टेकवायचा. बाहेरच्या कोपऱ्याकडं लांब, नाकाकडं आखूड. नीट बसले तर चार-पाच दिवस टिकतात. पार्लरमध्ये तासभर आडवं पडून करायचं काम घरच्या घरी होतं. श्वास तेवढा हळू घ्यावा लागतो.

पहिला ट्रे मी परीक्षेच्या दिवसांत मागवला होता. पार्सल आलं तेव्हा आईला म्हटलं, पेनं आलीत. दार लावून आरशासमोर बसले आणि पहिल्याच प्रयत्नात वरची पापणी खालच्या पापणीला चिकटवून घेतली. कोमट पाण्याचा बोळा धरून ती सुटेपर्यंत एका डोळ्यानं अर्थशास्त्र वाचलं. पुढं हात बसला. पण जेवायला हाक आली की सगळ्या काढून टाकायचे. लोकांनी माझ्याकडं बघावं असं मला कधी वाटलं नाही. बघितलंच तर काय दिसेल, ते मात्र आधी आपण बघून ठेवलेलं बरं.

इंग्रजी शाळेत मला बोलायला शिकवलं होतं, पण ते स्टेजवर उभं राहून, पाठ केलेलं. गावी गेलं की सगळ्यांच्या गराड्यात मला वाक्य सुचायच्या आत विषय बदललेला असायचा. "शहरातली पोरगी हाय, मराठी येतं का न्हाय तिला?" असं कुणीतरी म्हणायचं, मी हसायचे आणि बघत बसायचे. बघण्यात मात्र मी हुशार होते.

आमचं गाव भूमजवळ. तिथं तात्यांच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या, खव्याच्या भट्ट्या आहेत. सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरून दुधाचे कॅन येतात, मोठाल्या कढयांत दूध उकळायला लागतं आणि मग दुपारपर्यंत नुसतं हलवणं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुधाचा वास सुरुवातीला गोड असतो, मग जड होतो, शेवटी खरपूस होऊन कपड्यांत बसतो. एक भट्टी तात्यांची लेक उर्मिला सांभाळायची. माझी उर्मीताई. बी.एस्सी. झालेली, हातात लांब दांड्याचं उलथनं, केसांना फडकं, आणि बोलताना समोरच्याच्या थेट डोळ्यांत बघणारी. दूध घालायला येणाऱ्याकडं, व्यापाऱ्याकडं, एसटीच्या कंडक्टरकडं, सगळ्यांकडं तसंच. बघायला पाहुणे आले तेव्हाही तिनं मान खाली घातली नाही. माकणीचा मुलगा, त्याची भाजीच्या रोपांची नर्सरी. त्यानं विचारलं, "खवा चांगला कसा ओळखायचा?" ताईनं त्याच्याकडं बघून उत्तर दिलं, "हातावर घासायचा. तूप सुटलं तर घ्यायचा. तुमी आजवर कसा घेत हुता?" पाहुण्यांपैकी एका बाईनं दुसरीच्या कानात म्हटलेलं मी ऐकलं, "पोरगी लई धीट हाय बया." मोठीआईनं, ताईच्या आईनं, त्या रात्री भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा होकार आला.

परीक्षा संपवून त्या साली मी गावी गेले तेव्हा लग्नाला महिनाही उरला नव्हता. ताई स्टँडवर घ्यायला आली नाही. दरवेळी यायची. घरी पोचले तर ती आतल्या खोलीत धान्याच्या कणग्यांजवळ बसली होती, ओढणी कपाळाखाली ओढलेली.

"हस, पर मोठ्यानं हसू नको," असं म्हणून तिनं ओढणी वर केली.

उजव्या भुवईचं टोक नव्हतं. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या अर्ध्या पापण्या नव्हत्या. तिथं बारीक, तांबूस, टोकाला गाठ आलेली खुटं राहिली होती, कापून नेलेल्या ज्वारीच्या रानासारखी. डोळ्याला काही झालेलं नव्हतं, भूमच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं. कातडीही निवळली होती.

"भट्टीत तुराट्याची पेंढी सारली आन् वाकून फुंकर मारली. असा भपका आला म्हणून सांगू!" तिनं हातानं दाखवलं. मग म्हणाली, "सगळ्या इच्छा एकदम गेल्या बघ, तेजू. एक बी मागाय मिळाली न्हाय."

हा आमचा लहानपणचा खेळ. गालावर गळालेली पापणी दिसली की ती उचलायची, मूठ वळून मागच्या बाजूला ठेवायची, डोळे मिटून काहीतरी मागायचं आणि फुंकर मारायची. उडाली तर मिळतं, नाही उडाली तर नाही. ताईनं एकदा सायकल मागितली होती. मी काय मागायचे ते मी तिलाही कधी सांगितलं नाही. तिची पापणी गळली नसली तरी ती डोळे चोळून चोळून एखादी पाडायची, असा तिचा स्वभाव. आणि आता लग्नाच्या तोंडावर हे.

मोठीआई सोडून घरात कुणाला फारसं कळलंच नव्हतं. ताई डोक्यावरून ओढणी घेऊन, मान खाली घालून वावरत होती, आणि सगळे त्यावर खूश होते.

"बघा, लगीन ठरलं आन् पोरगी कशी लाजाय शिकली," शांताआत्या म्हणाल्या. शांताआत्या म्हणजे बाबांच्या आणि तात्यांच्या थोरल्या बहीण. लग्नाच्या किती आधी यायचं याला त्यांच्याकडं हिशेब नसतो, त्या येतात. "मला वाटलं हुतं ही मांडवात बी उलथनं घिऊन हुबी ऱ्हाती का काय."

ताईनं ओढणी आणखी पुढं ओढली. ती उत्तर देत नाही हे मी त्या घरात पहिल्यांदा बघितलं. माकणीहून व्हिडिओ कॉल आला की ती "नेट न्हाय इथं" म्हणून साधा फोन लावायची. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं म्हटलं की आपलेही डोळे दाखवावे लागतात, हे मला चांगलं माहीत होतं. मी आयुष्यभर त्याच कारणानं बघत नव्हते.

तिसऱ्या प्रहरी भट्ट्या विझल्यावर मी बॅगेतला ट्रे काढून तिच्यासमोर ठेवला. तिनं एकदा ट्रेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ही तुझी पेनं व्हय गं?" ती म्हणाली. म्हणजे आईनं फोनवर सांगितलं होतं, आणि हिला तेव्हाच शंका आली होती.

मग रोजच दुपारी आम्ही त्या खोलीत बसायला लागलो. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा, त्यात ताईचं डोकं माझ्या मांडीवर. भुवईचं टोक पेन्सिलीनं रेखता यायचं, पण नुसत्या खुटांवर झुबका धरत नाही, तिथंच खरी कसोटी होती. डाव्या डोळ्यावर लांब झुबके लावले तर उजवा उघडा पडायचा, उजव्यावर लावले तर ते दुसऱ्या दिवशी कलंडायचे. मी आखूड झुबके चिमट्यानं चिरून आणखी बारीक करायला शिकले. लावायचे, बघायचे, काढायचे. "डोळे उघडू नको" असं मी सारखं म्हणायचे, आणि एक दिवस लक्षात आलं की मी कुणाला तरी हुकूम सोडतेय आणि तो पाळला जातोय. ताईसारख्या ताईकडून.

दुसरं लक्षात आलं ते हे, की डोळे मिटलेलं माणूस बोलतं. आणि मिटलेल्या डोळ्यांच्या माणसासमोर मलाही बोलता येतं. माझ्याकडं कुणी बघत नसायचं ना. त्या खोलीत मी इतकं बोलले की संध्याकाळी घसा दुखायचा. कॉलेजचं, वर्गातल्या एका मुलाचं, मला बँकेची परीक्षा द्यायची नाही हे बाबांना कसं सांगायचं त्याचं. ताई मधूनच "हं" म्हणायची, आणि पापणी हलली म्हणून मी तिला रागवायचे.

एकदा ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "त्येंनी माकणीला घरी काय सांगितलं माहीत हाय का? मला न्हाय, त्यांच्या बहिणीनं सांगितलं मला. म्हणले, खवा-बिवा मरू दे, तिचे डोळे आवडले. सरळ बघती."

मी चिमटा थांबवला.

"आता अंतरपाट खाली आला आन् मी सरळ बघितलं, तर काय दिसंल?" तिनं विचारलं. "अर्धा डोळा. आन् न्हाय बघितलं तर ते म्हणतील, ही ती न्हवंच."

बाहेर शेडमध्ये कुणीतरी कढई घासत होतं, खर्रखर्र. मी दुसरा झुबका उचलला.

ही गोष्ट चार भिंतींत राहील असं वाटलं होतं, पण लग्नघरात बंद दार म्हणजे आमंत्रणच. आधी मोठीआई आल्या, ताईचा चेहरा हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हुबेहूब की गं!" मग दोन चुलत वहिन्या आल्या. मग शांताआत्या. त्यांना खरं कारण कुणी सांगितलं नाही, नवरीचा शृंगार म्हणून सांगितलं.

"मला बी लाव की," आत्या म्हणाल्या, "म्हातारीनं काय पाप केलंय?"

त्यांच्या पापण्या विरळ, पांढऱ्या झालेल्या. मी सगळ्यात आखूड झुबके लावले. डोळे मिटल्या मिटल्या त्याही बोलायला लागल्या. त्यांच्या लग्नात त्यांनी नवऱ्याचं तोंड तिसऱ्या दिवशी बघितलं होतं, तेही तो झोपलेला असताना. "नाक लई मोठं दिसलं. म्या म्हणलं, असू दे, आता काय." त्यांनी आरसा घेतला, डोळे मिचकावले, पदर नीट केला आणि ओसरीवर जाऊन बायकांच्या घोळक्यात बसल्या. त्या दिवशी त्यांनी कुणालाही नाव ठेवलं नाही. मी हे मुद्दाम नोंदवते, कारण असा दिवस परत आलेला मला ठाऊक नाही.

दुपारी दाराबाहेर चपलांची रांग लागायची. एकीचे डोळे उघडले की दुसरीचे मिटायचे. कुणाला सासूचं सांगायचं असायचं, कुणाला लाडकी म्हैस विकल्याचं. हसून हसून झुबके तिरके बसायचे. मी गावात कधी एवढी कुणाची झाले नव्हते. "तेजू कुठं हाय?" असं मला शोधत कुणीतरी येणं, याची मला सवयच नव्हती.

हळदीच्या दिवशी माकणीहून उष्टी हळद घेऊन मुलाची मोठी बहीण येणार होती, ज्योतीताई. म्हणून पहाटेच मी ताईच्या पापण्या लावल्या, आणि त्या दिवशी त्या खरोखर चांगल्या बसल्या. पाकिटातल्या कागदावर लिहिलं होतं, तेलकट प्रसाधनं टाळा, तेलानं डिंक सुटतो. मी ताईची क्रीम लपवली होती, काजळाची डबी लपवली होती, केसांच्या तेलाची बाटली तर कणगीमागं टाकली होती. सगळा बंदोबस्त केला. आणि मांडवात पाच सवाष्णी तेलाची वाटी नि आंब्याची पानं घेऊन नवरीला तेल चढवायला उभ्या राहिल्या, तेव्हाही मी आनंदानं फोटो काढत होते. ते तेल आमच्या दोघींच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते प्रसाधनात मोडत नाही ना, ते देवाधर्मात मोडतं.

पाय झाले, गुडघे झाले, खांदे झाले. डोक्याची पाळी शांताआत्यांची. त्यांनी पान बाजूला ठेवून सरळ तळहातावरच तेल घेतलं, त्यात हळद कालवली.

"तोंडाला बी लागू द्या की जरा. नवरी कशी घासलेल्या घागरीगत झळकाय पायजे!" आणि त्यांनी दोन्ही हात ताईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत असे फिरवले, जसं कुणी ओटा पुसावा.

मग त्यांनी तळहात बघितला आणि किंचाळल्या, "आगं बया! इच्चू! इच्चवाचं पिलू हाय गं!"

झटकलेला झुबका, हळदीत माखलेला, पाय पसरल्यासारखा, जाऊन पडला तो नेमका ज्योतीताईंच्या मांडीवर. बायका मागं सरकल्या. बँजोवालाही थांबला. ताईनं मान इतकी खाली घातली की तिचा चेहराच दिसेना. ज्योतीताईंनी मांडीकडं बघितलं. मग एक बोट स्वतःच्या उजव्या डोळ्याला लावलं, मग डाव्या.

"अय्या," त्या म्हणाल्या, "माझीच पडली की!"

"तुमची?" आत्या हात तसाच हवेत धरून म्हणाल्या. "पापणी पडती एवढी?"

"पडती तर काय, आत्या. तुमच्या बी पडायच्या बेतात हायत बघा, डावीकडची."

आत्यांनी घाईघाईनं डावा डोळा झाकला, आणि मग जो हशा पिकला तो थेट भट्टीपर्यंत ऐकू गेला असावा. ज्योतीताईंनी तो झुबका रुमालात गुंडाळला. न्हाणीशी मी पाणी काढत होते तेव्हा त्या आल्या आणि रुमाल माझ्या हातात दिला.

"ही तुमची. माझ्या दोन्ही जागेवर आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "तेल काढायला शाम्पूचा फेस लावा, हलक्या हातानं. मी माझ्या हळदीत सगळ्या घालवल्या होत्या."

मला आभार मानायचे होते. मी फक्त मान हलवली. पण त्यांच्याकडं बघून हलवली, एवढं मला आठवतं.

आत्ता हे लिहितानाच ताईचा माकणीहून फोन येऊन गेला. तिच्या धाकट्या नणंदेचं लग्न आहे, मला चार दिवस आधी बोलावलंय. मागं तिची लेक रडत होती, रोपांवर पाणी मारायचा पाइप कुठंतरी फुर्र करत होता. "डबा घिऊन ये," ती म्हणाली, "आन् ऐक, ह्या टायमाला तुझ्या पापण्या मी लावणार. तू डोळं झाकून पडायचं आन् बोलायचं. बँकेचं झालं, आता त्या पोराचं सांग." मी म्हटलं, तुला चिमटा धरता येतो का? ती म्हणाली, "खुरप्यानं लावीन." फोन ठेवल्यावर मी आरशात बघितलं. काय सांगायचं याची जुळवाजुळव करताना माझ्याच पापण्या फडफडत होत्या.

तर, लग्नाच्या दिवशीची सकाळ. शाम्पूचा फेस, कोमट पाणी, जुन्या लुगड्याचं मऊ धडपं. तरी पापण्यांच्या मुळांशी तेलाचा अंश राहिला होताच. डाव्या डोळ्याचं लगेच जमलं. उजवीकडं कोपऱ्याचे झुबके लावले की सुटायचे, लावले की सुटायचे. डिंकाची बाटली तळाशी आली. शेवटी कसेबसे बसले.

"आता हसू नको," मी म्हटलं. "रडू नको. घाम पुसू नको."

"मग लगीन कशाला करू?" ताई म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. बाहेर पडताना तिनं मुंडावळ्या मुद्दाम जरा पुढं ओढून घेतल्या.

मुहूर्त भर दुपारचा. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून खाली येत होतं, मोठे कूलर घों घों करत होते, माणसांच्या मुठींत हळदकुंकवानं रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता होत्या. घरच्या खव्याचे गुलाबजाम पाकात पडले होते, त्याचा वास मंगलाष्टकांत मिसळत होता. मी करवली, हातात करादिवा घेऊन ताईच्या अगदी मागं. तिची मान मला दिसत होती. वाकलेली. बायका आपापसांत म्हणत होत्या, "कशी गुणाची दिसतीय." प्रत्येक "सावधान"ला अक्षतांची सर यायची, आणि एका सरीत, कूलरच्या झोतात, मला तिच्या गालावर काहीतरी काळं दिसलं. कोपऱ्याचा झुबका सुटला होता. मी पुढं होऊन काही करणार, तेवढ्यात बँड वाजला आणि अंतरपाट खाली आला.

ताई खालीच बघत होती. हार तिनं छातीशी धरला होता. समोर तिचा नवरा, म्हणजे आता माझे दाजी, हार धरून थांबले होते. त्यांनी एक क्षण वाट बघितली. मग हार डाव्या मनगटावर घेतला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिच्या गालावरचा तो झुबका उचलला. ट्रेमधून कोवळं रोप उचलावं तसा, मुळाला धक्का न लागू देता.

"पापणी पडली तुमची," ते म्हणाले. "मूठ करा."

ताईनं नकळत मूठ वळली. त्यांनी झुबका तिच्या मुठीवर ठेवला. "एवढी मोठी हाय, मोठंच कायतरी मागा."

ताईनं फुंकर मारली. झुबका हलला नाही. तिनं पुन्हा मारली. मांडवात कुजबुज सुरू झाली, गुरुजी म्हणाले, "अहो, हार घाला आधी!" दाजींनी वाकून स्वतः एक फुंकर मारून बघितली. काही नाही.

"उडत न्हाय," ते म्हणाले. "म्हंजी काय समजायचं?"

मी श्वास रोखून धरला होता, अगदी झुबका टेकवताना धरते तसा. ताईनं मान वर केली. मुंडावळ्या बाजूला झाल्या. एक डोळा भरलेला, दुसऱ्याचा कोपरा उघडा, खुटं दिसत होती. तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं, कंडक्टरकडं, व्यापाऱ्याकडं, पहिल्या दिवशी त्यांच्याकडं बघितलं होतं तसं.

"म्हंजी डिंक चांगला हाय," ती म्हणाली.

दाजी तिच्या डोळ्याकडं बघत राहिले. "आन् खऱ्या?"

"भट्टीत."

त्यांना इतक्या जोरात हसू आलं की फेटा मागं सरकला. ताईही हसली, मान मागं टाकून, भट्टीच्या शेडमध्ये हसायची तशी, आणि उजव्या डोळ्याचा उरलासुरला झुबकाही गळून हारात पडला. कुणाला काय झालं ते कळलं नव्हतं, पण हसणं बघून सगळा मांडव हसायला लागला. शांताआत्या सगळ्यात मोठ्यानं, एका डोळ्याला पापण्या लावलेल्या.

फोटोग्राफर खुर्चीवर चढून हात हलवत होता. "नवरीबाई, ओ नवरीबाई," तो ओरडला, "जरा खाली बघा की, लाजल्यासारखं!"

ताईनं काही बघितलं नाही खाली.